वाचकांचे प्रश्न : एमआरआयवरचा पांढरा ठिपका पक्षाघाताचा की तात्पुरत्या स्मृतिलोपाचा?

प्रश्न : माझ्या सासूबाई ६४ वर्षांच्या आहेत. रक्तदाबाची एक गोळी सोडली तर त्यांना कोणतेही औषध नाही. गेल्या महिन्यात एका सकाळी त्यांनी गव्हाने भरलेली कोठी जोर लावून बाजूला सरकवली आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्या विचारू लागल्या, "आज वार कोणता? आपण इथे काय करतोय?" उत्तर दिले की त्यांना पटायचे, पण दोन-तीन मिनिटांत तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा. आम्हा सर्वांना त्या नावाने ओळखत होत्या, त्यांनी चहासुद्धा नीट केला. मात्र चहा घेतल्याचे त्यांना लगेच आठवेना. सुमारे पाच तासांनी त्या पूर्ववत झाल्या. पण ती सकाळ त्यांच्या आठवणीत आजही नाही. त्याच दुपारी काढलेला सीटी स्कॅन आणि एमआरआय दोन्ही निर्दोष आले. न्यूरोलॉजिस्टनी दोन दिवसांनी पुन्हा एमआरआय करायला सांगितला, तर त्यात उजव्या हिप्पोकॅम्पसमध्ये २ मिलिमीटरचा ठिपका निघाला. तो रिपोर्ट पाहून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी "हा लहानसा स्ट्रोक आहे" असे सांगून रक्त पातळ करण्याची गोळी सुरू केली. न्यूरोलॉजिस्ट मात्र म्हणतात की हा स्ट्रोक नाही. पहिल्या तपासणीत नसलेला ठिपका नंतर आला कुठून, आणि आम्ही कोणाचे खरे मानायचे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपण प्रसंगाचे वर्णन इतके नेमके केले आहे की निदानाचा निम्म्याहून अधिक भाग त्यातच आहे. आपण सांगता त्या अवस्थेला ट्रान्झियंट ग्लोबल अम्नेशिया, म्हणजे तात्पुरता सर्वंकष स्मृतिलोप, असे म्हणतात. डॉक्टर बोलताना 'टीजीए' म्हणतात. बोस्टन येथील मिलर फिशर आणि रेमंड अ‍ॅडम्स या मेंदुविकारतज्ज्ञांनी या अवस्थेचे सविस्तर वर्णन करणारा प्रबंध १९६४ मध्ये प्रसिद्ध केला, आणि आज जगभर वापरले जाणारे निकष हॉजेस आणि वॉर्लो या ब्रिटिश डॉक्टरांनी १९९० मध्ये मांडले. त्या निकषांतील पहिली अट कोणत्याही यंत्राशी संबंधित नाही. झटका प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार हवा, ही ती अट. रुग्णाला त्या काळातले काहीच आठवत नसल्यामुळे आपण घरात पाहिलेल्या गोष्टींना एमआरआयइतकेच, किंबहुना थोडे अधिकच महत्त्व आहे.

उरलेले निकष आपल्या पत्राशी ताडून पाहू. नवीन आठवण साठवली न जाणे हा मुख्य दोष असावा. तो 'तोच प्रश्न, त्याच शब्दांत' यात स्पष्ट दिसतो. स्वतःची ओळख शाबूत असावी आणि शुद्ध पूर्ण असावी. सासूबाई सर्वांना ओळखत होत्या. भाषा, हिशेब, हातातले काम यांत खोट नसावी. चहा करणे ही काही कमी कामगिरी नव्हे, त्यात पाण्याचे माप, साखर आणि क्रम हे सारे लागते. हातापायातील शक्ती, दृष्टी, तोल आणि वाचा यांत बिघाड नसावा, फिट्सची लक्षणे नसावीत, नजीकच्या काळात डोक्याला मार लागलेला नसावा, आणि २४ तासांच्या आत सर्व काही पूर्ववत व्हावे. बहुतेक झटके चार ते सहा तासांत ओसरतात. वयही जुळते, कारण हा प्रकार प्रामुख्याने पन्नाशी ते सत्तरीच्या दरम्यान आढळतो. श्वास रोखून जोर लावणे, थंड पाण्यात एकदम उतरणे, शरीरसंबंध, तीव्र वेदना किंवा मनाला बसलेला धक्का यांच्या पाठोपाठ तो आल्याचे अनेकदा दिसून येते. जड कोठी सरकवणे यातच बसते. त्यामागचे नेमके कारण काय यावर तज्ज्ञांत एकमत नाही. शिरांमध्ये रक्त तुंबणे, अर्धशिशीशी मिळतीजुळती विद्युत-रासायनिक लाट आणि ताणामुळे पेशींवर येणारा भार अशा तीन दिशांनी विचार चालू आहे.

आता ठिपक्याकडे येऊ. हिप्पोकॅम्पस हा कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना असलेला, मेंदूचा लहानसा वळणदार भाग असून नवीन आठवणींची नोंद त्याच्यामार्फत होते. त्याला मुख्यतः मेंदूच्या मागच्या धमनीच्या फांद्यांतून रक्त मिळते. त्यामुळे त्या धमनीत गुठळी अडकली तरीही विसराळूपणाच मुख्य तक्रार म्हणून पुढे येऊ शकतो. दोन्ही आजार एकाच जागी घडत असल्यामुळे संभ्रम होतो, आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना शंका आली यात वावगे काही नाही.

एमआरआयमध्ये अनेक प्रकारच्या प्रतिमा घेतल्या जातात. त्यांपैकी 'डिफ्युजन' नावाची प्रतिमा पेशींमधील आणि पेशींभोवतीच्या पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. रक्तपुरवठा तुटला की पेशींतील क्षारांचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरते, पेशी फुगतात आणि पाण्याची मोकळी हालचाल खुंटते. तो भाग डिफ्युजनवर पांढराशुभ्र दिसतो आणि सोबतच्या 'एडीसी' नकाशावर काळा. पक्षाघातात हा बदल काही मिनिटांतच सुरू होतो आणि पहिल्या काही तासांत बहुतेक रुग्णांमध्ये स्पष्ट दिसू लागतो. म्हणजे सासूबाईंचा त्रास गुठळीमुळे झाला असता, तर त्याच दुपारच्या एमआरआयमध्ये तो दिसण्याची शक्यता मोठी होती.

टीजीएचे वेळापत्रक याच्या उलट असते. झटका चालू असताना किंवा त्यानंतर लगेच काढलेला एमआरआय बहुधा निर्दोष असतो आणि ठिपका उमटतो तो पुढील २४ ते ७२ तासांत. जर्मनीतील एका गटाने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३१ रुग्णांचे एमआरआय ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा काढले होते. त्यांपैकी २६ जणांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ठिपका आढळला. परंतु सुरुवातीच्या तासांत तो फक्त दोघांमध्ये दिसला होता, तर ४८ तासांनी सर्व २६ जणांमध्ये दिसत होता. आपल्या न्यूरोलॉजिस्टनी दोन दिवस थांबून दुसरा एमआरआय सांगितला तो याच कारणाने, आणि तो सांगताना त्यांच्या मनात टीजीएचे निदान जवळपास पक्के झालेले असणार. ठिपका आला कुठून, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की पेशींवरचा ताण पहिल्या दिवशीही होता, तो प्रतिमेत दिसण्याइतका व्हायला दोन दिवस लागले.

वेळेइतकीच जागा आणि आकार यांना किंमत आहे. टीजीएचा ठिपका साधारण १ ते ५ मिलिमीटरचा, गोलसर, हिप्पोकॅम्पसच्या बाहेरच्या कडेला असलेल्या 'सीए-१' पट्ट्यात असतो. तो एका बाजूला असतो किंवा दोन्ही बाजूंना, कधी एक तर कधी दोन-तीन. पक्षाघातातील डाग बहुधा मोठा असतो, हिप्पोकॅम्पसच्या लांबीने पसरतो आणि पुष्कळदा एकटा नसतो. त्याच धमनीच्या वाटेवर, म्हणजे मेंदूच्या पाठीमागच्या दृष्टीच्या भागात, थॅलॅमसमध्ये किंवा लहान मेंदूत, त्याचे सोबती सापडतात. म्हणून एमआरआय पाहणारा जाणकार हिप्पोकॅम्पसवर थांबत नाही, पूर्ण मेंदू पुन्हा तपासतो.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी, कारण आपल्या घरातील गोंधळाचे मूळ तीच आहे. टीजीएचा ठिपकासुद्धा डिफ्युजनवर पांढरा आणि एडीसीवर काळा दिसतो. केवळ फिल्म हातात घेऊन, रुग्णाची हकीकत माहीत नसताना, हा ठिपका टीजीएचा की अगदी लहान पक्षाघाताचा हे कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. एमआरआय केंद्रात पाठवलेल्या चिठ्ठीवर "विसरणे" एवढाच शब्द असेल, तर रिपोर्टमध्ये "ताजे लहान इन्फार्क्ट" (रक्तपुरवठा तुटून झालेली इजा) असे लिहून येते, आणि इन्फार्क्ट हा शब्द वाचला की पुढचा डॉक्टर पक्षाघाताचे उपचार सुरू करतो. यात कोणाची हयगय आहे असे मला वाटत नाही. पण हकीकत कागदावर न उतरल्याने रुग्णाला वर्षानुवर्षे अनावश्यक गोळी घ्यावी लागू शकते. चिठ्ठीवर झटक्याची सुरुवात किती वाजता झाली, तो किती तास टिकला, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जात होते का, आणि एमआरआय त्यानंतर किती तासांनी होत आहे, हे चार तपशील असावेत, असा आग्रह नातेवाइकांनी जरूर धरावा. दुसऱ्या एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसचे पातळ, दोन-तीन मिलिमीटरचे काप घ्यायला सांगणेही आवश्यक असते. नेहमीचे पाच मिलिमीटरचे काप घेतले तर दोन मिलिमीटरचा ठिपका दोन कापांच्या मध्ये हरवू शकतो, आणि मग टीजीए असूनही "काही सापडले नाही" असा रिपोर्ट येतो. ठिपका सापडला नाही म्हणून टीजीए नव्हता असेही ठरत नाही, कारण निकषांमध्ये ठिपक्याची अट नाही.

शंका तरीही उरली तर आणखी काही आठवड्यांनी केलेला एमआरआय उपयोगी पडतो. टीजीएचा ठिपका साधारण दोन आठवड्यांत डिफ्युजनवरून नाहीसा होतो आणि इतर प्रतिमांवरही मागे खूण ठेवत नाही. पक्षाघातातील डाग डिफ्युजनवर फिका पडला तरी 'फ्लेअर' प्रतिमेवर व्रण उरतो आणि पुढे तो भाग आक्रसतो.

गोळीविषयी. ज्याला निखळ टीजीए झाला आहे त्याला पुढे पक्षाघात होण्याचा धोका समवयस्कांपेक्षा जास्त असतो, असे बहुतेक अभ्यासांत आढळलेले नाही. त्यामुळे केवळ टीजीएसाठी रक्त पातळ करणारी गोळी देण्याची प्रथा नाही. मात्र ती स्वतःहून बंद करू नका. दोन्ही एमआरआयची सीडी, ईसीजी आणि मानेतील रक्तवाहिन्यांची तपासणी झाली असल्यास तिचा रिपोर्ट घेऊन न्यूरोलॉजिस्टना भेटा आणि त्यांच्याकडून नेहमीच्या डॉक्टरांच्या नावे लेखी टिपण मागा. हृदयाचे ठोके अनियमित असतील, ठिपका हिप्पोकॅम्पसच्या बाहेरही असेल, किंवा रक्तवाहिनी अरुंद झालेली असेल, तर गोळी चालू ठेवण्याला स्वतंत्र कारण आहे आणि तो निर्णय त्यांनीच घ्यायचा आहे. सासूबाईंना त्या सकाळची आठवण परत येणार नाही, कारण ती साठवलीच गेली नव्हती. ती आठवावी म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा विचारत राहू नका. त्याने त्या फक्त घाबरतील.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे, मधुमेही. एका पहाटे ते उठेनात. उठवले तर डोळे उघडत, दोन शब्द बोलत आणि पुन्हा झोपी जात. दुपारी थोडे जागे झाले, पण कालचे काही आठवेना. हातपाय व्यवस्थित हलत होते, चेहरा वाकडा नव्हता. जवळच्या रुग्णालयात सीटी स्कॅन निर्दोष आला आणि "वयामुळे विसरतात, विश्रांती द्या" असे सांगून आम्हाला घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी एमआरआयमध्ये दोन्ही थॅलॅमसमध्ये पक्षाघात निघाला. हातपाय चालू असताना पक्षाघात कसा? आणि सीटीमध्ये तो दिसला का नाही?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आपल्या वडिलांच्या आणि वरील पत्रातील सासूबाईंच्या लक्षणांत एक फरक निर्णायक आहे, तो म्हणजे गुंगी. टीजीएमधील व्यक्ती टक्क जागी असते, अस्वस्थ असते, प्रश्न विचारून भंडावून सोडते. जी व्यक्ती विसरते आणि त्याच वेळी झोपेतून जागी होत नाही, तिला टीजीए झाला असे कधीही समजू नये.

थॅलॅमस हा मेंदूच्या मध्यभागी असलेला जोड भाग जागृती आणि स्मरण या दोन्हींशी बांधलेला आहे. काही लोकांमध्ये जन्मतःच दोन्ही थॅलॅमसच्या आतील भागाला एकाच लहान धमनीतून रक्त जाते. तिला पर्चेरॉनची धमनी म्हणतात. ती बंद झाली की दोन्ही बाजूंना एकाच वेळी इजा होते आणि गुंगी, विस्मरण, कधी डोळे वर-खाली फिरवता न येणे अशी लक्षणे दिसतात. हातापायांच्या शक्तीचे मार्ग बाजूने जात असल्यामुळे ते वाचू शकतात. चेहरा, हात आणि वाचा पाहण्याची जी साधी कसोटी लोकांना शिकवली जाते, ती मेंदूच्या पुढच्या भागातील पक्षाघात चांगला ओळखते. मागच्या भागातील पक्षाघात तिच्यातून निसटतो. अचानक तोल जाणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, अर्धी नजर जाणे आणि अचानक आलेली गुंगी ही लक्षणेही तितक्याच तातडीची आहेत.

सीटी स्कॅनचे पहिले काम मेंदूतील रक्तस्राव शोधणे हे आहे आणि ते तो उत्तम करतो. रक्त सीटीवर लगेच पांढरे दिसते. गुठळीमुळे झालेला पक्षाघात मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर पुष्कळदा दिसत नाही, आणि मेंदूच्या खालच्या व मागच्या भागात तर जाड हाडांच्या सावल्यांमुळे आणखी कमी दिसतो. तेव्हा निर्दोष सीटीचा अर्थ "रक्तस्राव नाही" इतकाच घ्यावा. "पक्षाघात नाही" असा तो घेता येत नाही. एमआरआयसुद्धा शंभर टक्के पकडतो असे नाही. अगदी सुरुवातीला, विशेषतः मागच्या भागातील लहान पक्षाघातात, डिफ्युजन निर्दोष येऊ शकतो. डॉक्टरांना रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीत दोष दिसत असेल तर एमआरआय पुन्हा करावा लागतो.

आपल्याला घरी पाठवले गेले याचे मला वाईट वाटते. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पहाटे झोपेतच आजार सुरू झाला असेल तर रुग्ण शेवटचा व्यवस्थित केव्हा दिसला होता ती वेळ धरली जाते. अशा वेळी डिफ्युजनवर डाग दिसतो आणि फ्लेअरवर अजून उमटलेला नसतो, या फरकावरून इजा ताजी आहे असे ठरवून काही निवडक रुग्णांना उपचार देता येतात. हे जिथे होऊ शकते अशा रुग्णालयात पोहोचणे हाच त्या क्षणीचा खरा उपचार असतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. बोलावताना "विसरतात" असे न सांगता "अचानक गुंगी आली आहे, स्ट्रोकची शंका आहे" असे सांगावे.

अनेक तालुक्यांत आजही फक्त सीटीची सोय आहे, म्हणून एक गोष्ट जोडतो. पक्षाघाताची शंका दाट असेल आणि सीटीमध्ये रक्तस्राव नसेल, तर गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सीटीच्या आधारे देता येते, एमआरआयची वाट पाहावी लागत नाही. आणि वर्णन टीजीएचे असेल तर एमआरआयची योग्य वेळ दोन-तीन दिवसांनंतरचीच असल्याने जिल्ह्याच्या गावी जायला अवधी मिळतो. सीटी होण्याआधी बोटातून रक्त काढून साखर मात्र प्रत्येकाची पाहिलीच पाहिजे. आपल्या वडिलांसारख्या मधुमेही माणसाची साखर खाली गेली तर विस्मरण, गुंगी आणि क्वचित अर्ध्या अंगाची कमजोरीसुद्धा येते, आणि ती ग्लुकोजने उतरते.

प्रश्न : माझे पती ५८ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षभरात त्यांना चार-पाच वेळा, बहुतेक सकाळी उठल्यावर, अर्ध्या तासापुरते काही आठवत नाही. मग ठीक होतात. एमआरआय झटक्यानंतर दोन दिवसांनी केला, त्यात ठिपका नाही. हाही टीजीएच का?
– एक वाचक, पणजी

उत्तर : बहुधा नाही. टीजीए आयुष्यात सहसा एकदाच येतो. काहींना तो पुन्हा होतो, पण वर्षात चार-पाच वेळा येणे ही त्याची रीत नव्हे. झटका तासाभराहून लहान असणे, तो झोपेतून उठताना येणे आणि वारंवार येणे या तीन गोष्टी एकत्र आल्या की कानशिलाच्या भागातून उगम पावणाऱ्या अपस्माराच्या एका प्रकाराचा विचार करावा लागतो. त्यात अंग आखडणे, पडणे असे काही होत नाही, फक्त आठवण तुटते. काही रुग्ण झटक्याच्या वेळी चमत्कारिक वास आल्याचे सांगतात, किंवा ओठ चाटण्यासारखी हालचाल घरच्यांच्या लक्षात येते; आपण तसे काही पाहिले आहे का ते आठवून डॉक्टरांना सांगा. या आजारात एमआरआय पुष्कळदा निर्दोष असतो. निदानासाठी ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, लागतो आणि साधा ईईजीही चुकू शकतो, म्हणून रात्री जागवून दुसऱ्या दिवशी झोपेत घेतलेला ईईजी मागून घ्यावा. अपस्मारावरील औषधाच्या लहान मात्रेने हे झटके बहुतेकांमध्ये थांबतात. निदान होऊन झटके आटोक्यात येईपर्यंत पतींनी गाडी चालवू नये. पुढचा झटका आला तर मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करा, त्यात त्यांना नाव, तारीख आणि नुकतेच काय केले ते विचारा, आणि झटका किती मिनिटे टिकला याची वेळ लिहून ठेवा. न्यूरोलॉजिस्टना दुसऱ्या एमआरआयपेक्षा या चित्रणाचा अधिक उपयोग होईल.